आज्याचा बाप कोण होता?

(पनवेल येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

मित्रांनो, आधी हात वर करा. बापाच्या बापाचं नाव कुणाकुणाला माहीत आहे? बरेच आहेत, ठीक. आता आज्याच्या बापाचं. चार हात. आता आजीच्या आईचं नाव सांगा. एकही हात नाही. ती बाई नसती तर आपण आज या सतरंजीवर बसलोच नसतो, आणि तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

मी तुम्हाला दोष देत नाही. वरच्या आळीतल्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापले जातात. नाशिकला, त्र्यंबकला उपाध्यांच्या वह्यांत त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे बाप मांडी घालून बसलेत. 1930 साली काळाराम सत्याग्रहात आपल्या माणसांनी ज्या गावात दगड खाल्ले, त्या गावच्या वहीत आपला आजा कुठून सापडणार? आपला कुलवृत्तांत सरकारी दप्तरात आहे. राबणारा, सांगितलं काम करणारा माणूस म्हणून आहे, पण आहे. तो बाहेर कसा काढायचा, एवढंच मी सांगणार. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. कारकुनीवर पोट भरणारा माणूस. त्यामुळे दप्तराच्या धुळीची मला सवय आहे.

पहिलं घरची गोष्ट सांगतो. माझा एक चुलतभाऊ. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिलेलं. याला त्याची शरम. बापाचा दाखला, त्यावरही तेच. पोरानं एका रात्री दाढीचं ब्लेड घेतलं आणि दोन्ही दाखल्यांवरचा तो शब्द खरवडून काढला. बौद्ध झालो, आता हा शब्द घरात नको, असं त्याचं म्हणणं. भावना मला कळते. पण पुढं जात पडताळणीला गेला तेव्हा साहेबानं कागद उजेडात धरला आणि विचारलं, ही खाडाखोड कुणी केली? अडीच वर्षं चपला झिजवल्या त्यानं. शेवटी सुटका कशानं झाली, तर आज्याच्या जन्माच्या नोंदीनं. तोच शब्द, शंभर वर्षांपूर्वीच्या शाईतला, त्याला वाचवायला आला.

म्हणून सांगतो, कागदावरचा शब्द खरवडू नका. तो आपण लिहिलेला नाही. ज्यांनी लिहिला त्यांच्याविरुद्धचा तो पुरावा आहे. पुरावा कुणी आपल्या हातानं पुसतं का?

पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा कागद का मागतात? त्या दिवशी अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. 14 ऑक्टोबर 1956 ला आपण नागपूरला धम्म घेतला, आणि केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला 1990 साल उजाडलं. म्हणजे एकाच घरात आजा 'महार', बाप 'नवबौद्ध', आपण 'बौद्ध'. तीन पिढ्या, तीन शब्द. या तिघांना जोडणारा दोरा आपल्याच हातात लागतो. दुसरा कुणी वळून देणार नाही.

आता कामाला लागू. सुरुवात कचेरीत नाही, घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत. आणि त्याहून आधी म्हाताऱ्या माणसांपाशी. कागद थांबेल, आत्या थांबणार नाही. तिला 'तुझा जन्म कधीचा' असं विचारू नका. ती म्हणेल, मला काय ठाऊक बाबा. विचारा, बाबासाहेब गेले तेव्हा तू केवढी होतीस? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं? मग 6 डिसेंबर 1956 आणि 11 डिसेंबर 1967 या तारखांवर सगळं घर उभं राहतं. शाळेतल्या तारखेवर फार भिस्त ठेवू नका. निम्म्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनला झालाय, मास्तरांच्या कृपेनं.

बाईचं माहेर विचारा, माहेरचं नाव विचारा. लग्नात नावही बदलत. दप्तरात ती नाहीच. वतनात बापे, सातबारात बापे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना घरोघरी जाऊन बोलतं केलं, त्यातून 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. त्यांनी ते विचारलं नसतं तर त्या बाया आज कुठं असत्या? ते पुस्तक मिळवून वाचा, प्रश्न कसा विचारावा ते कळेल.

आता तहसील. गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. लोक कोतवाल बुक म्हणतात. अर्जात गाव, साल, बापाचं नाव लिहा आणि नक्कल मागा. नुसतं 'नाही' म्हणाले तर 'नाही' लेखी मागा. तरी हलले नाहीत तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कैक नोंदींत पोराचं नाव नसतं, 'अमक्यास मुलगा' एवढंच. म्हणून भावंडांचा क्रम आत्याकडून आधी घेऊन जा. जुन्या वह्या मोडीत आहेत. आणखी एक, पनवेल तालुका 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात आला, आणि कुलाब्याचा रायगड झाला 1981 साली. त्याहून जुनं काही शोधत असाल तर ठाण्याची आठवण ठेवा.

आणि वही सापडत नाही, हे आता ऐकून घेऊ नका. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा हीच कोतवाल बुकं बाहेर निघाली, मोडी वाचणारे बसवले, पानं स्कॅन झाली. त्यांनी त्यांच्या नोंदी शोधल्या, माझी तक्रार नाही. पण त्याच वह्यांत आपला आजा आहे. त्याची नक्कल तेवढ्याच लगबगीनं मिळाली पाहिजे.

नावाकडे नीट बघा. जुन्या कागदात आडनाव नसेल, नावापुढं 'नाक' असेल. कोरेगावच्या खांबावर जी नावं आहेत, त्यांतलीही 'नाक'वाली बघा. पुढं मुंबईत गेल्यावर गावाचं नाव लागलं. खुद्द बाबासाहेब बघा. घराणं सकपाळ, गाव आंबडवे, साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला नाव दाखल झालं ते भिवा रामजी आंबेडकर. एका माणसाच्या मागं एवढी नावं. मग आपल्या आज्याचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असलं तर घाबरता कशाला? तिन्ही लिहून ठेवा.

वतनाचे कागद तर सोडूच नका. 1874 च्या कायद्यानं गावकीचं काम बापजाद्यांच्या मानेवर बसवलं, रात्री-अपरात्री हाक येईल तेव्हा धावायचं. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द झाली 1958 च्या कायद्यानं. जमीन परत मिळाली, पण कब्जेहक्काची रक्कम भरून आणि नव्या शर्तीवर. आजही सातबारावर भोगवटादार वर्ग 2 दिसतं ते यामुळं. त्या फेरफारात हिस्सेदारांची नावं असतात, कधी वारसांची साखळीच मिळते. इथं 1970 साली सिडको आली, 2025 साली विमानतळाचं उद्घाटन झालं, गुंठ्याचा भाव काय आहे तुम्हीच सांगा. ज्याच्या घरात फेरफाराची नक्कल नाही त्याच्याशी दलाल गोड बोलतो.

मुंबईहून इथं आलेल्यांनी गिरणीचा पास, हजेरीचं तिकीट, फंडाची चिठ्ठी जपा. आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत, धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागे, विटाळ होई ना! त्या तिकिटावर खातं लिहिलेलं असेल तर ते नुसतं तिकीट नाही. पोटापाण्याचंही बघा. कोनला, आपल्या पनवेलजवळ, गिरणी कामगारांसाठी सुमारे 2400 घरांची सोडत 2016 साली निघाली. 1 जानेवारी 1982 ला किंवा नंतर बाप कामावर होता हे दाखवणारा चिटोरा ज्याच्याकडं होता तो पात्र. चुलीत गेला असेल तर संपलं.

ठेवायचं कसं, तर साधं. एक दोनशे पानी वही, माणसाला एक पान. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते खाली लिहायचं. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही ठेवायच्या, आपण न्यायाधीश होऊ नये. अस्सल कागदाला लॅमिनेशन करू नका, शाई आणि कागद दोन्ही अडकून बसतात. मोबाईलवर फोटो काढा, झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा. 1978 साली नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपली घरं जाळली. त्या घरांतही ट्रंका असतीलच की.

आमच्या वहीत सत्तेचाळीस पानं भरलीत. पणजीचं पान अजून नावाशिवाय आहे. आत्या म्हणते, तिला सगळे 'बय'च म्हणायचे. तेवढंच लिहिलंय.

पुढच्या रविवारी ट्रंकेतलं जे निघेल ते घेऊन या, फाटकं असलं तरी. अर्जाचे नमुने मी आणतो. मोडी वाचणारे एक निवृत्त तलाठी यायला कबूल झालेत, चहाचं तुम्ही बघा.

जय भीम.