छायाचित्रांतील रिकामी जागा

आपल्या घरांतील जुन्या छायाचित्रांची वही एकदां उघडून पाहा. मुंजी, डोहाळजेवणें, सहली, सारे आप्तेष्ट तींत सांपडतील. सांपडणार नाहीं तो एकच मनुष्य, ज्याच्या हातांत कॅमेरा होता तो! आमच्या वहींत माझे वडील अवघ्या दोन ठिकाणीं आहेत, आणि त्यांपैकीं एका चित्रांत ते धांवत येत असल्यामुळें त्यांच्या धोतराचा नुसता पांढरा पट्टा उमटला आहे. तरीही तेंच मला सर्वांत प्रिय वाटतें. तें त्यांनीं कॅमेऱ्याच्या ‘सेल्फ-टायमर’नें घेतलेलें आहे, त्या इवल्याशा यंत्राविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

हें यंत्र म्हणजे वस्तुतः एक लहानसें घड्याळच. तरफ फिरविली कीं आंतील स्प्रिंगेस ताण बसतो. सोडली कीं ती स्प्रिंग दंतुर चाकांची माळ फिरवूं लागते, आणि टोकाशीं डोलणारी एक चिमुकली आडकाठी त्या चाकांस दांत्यागणिक अडवून धरते. कानीं पडणारा तो गुणगुणाट तिचाच. सुमारें दहा सेकंदांनीं तरफ मूळ जागीं येते व शटरचा चाप सोडविते. म्युनिकच्या फ्रीड्रिख डेकेल यांच्या कारखान्यांतून निघालेल्या ‘कॉम्पुर’ शटरांपैकीं पुष्कळांवर या कामासाठीं ‘व्ही’ हें अक्षर असे. शेजारचीं ‘एक्स’ व ‘एम’ हीं फ्लॅशच्या दिव्यांसाठीं. ‘व्ही’ हें ‘फोरलाउफ’ या जर्मन शब्दाचें आद्याक्षर. त्याचा अर्थ आधीं धांवणें. शटरच्या आधीं घड्याळ धांवतें, हें खरें. आमच्या वडिलांना मात्र त्याच्याशीं शर्यत लावावी लागे.

असा सत्तर वर्षांचा कॅमेरा कोणाच्या कपाटांत निघाला, तर प्रथम त्या तरफेस हात लावण्याचा मोह आवरावा. मला तो आवरला नाहीं. वडिलांच्या पश्चात् त्यांचा घडीचा कॅमेरा काढून मीं तरफ ओढली. क्षणभर गुणगुणून ती मध्येंच थांबली, आणि मीं ती बोटानें पुढें रेटली. शटर तेथल्या तेथें अडकलें. एका वृद्ध कारागिरानें तें उघडून दाखविलें. तेल सुकून राळेसारखें घट्ट झालें होतें. तेवढ्यानें कांहीं बिघडलें नसतें. वांकलेला दांता मात्र माझ्या बोटाची करणी होती.

म्हणून फिल्म न घालतां शटर आधीं एक सेकंदावर चालवून पाहावें. मंद गतीसाठींही दंतचक्रांची अशीच एक माळ असते; ती रेंगाळत असेल तर ‘व्ही’च्या वाटेस जाऊं नये. वरून तेलाचा थेंब तर कदापि सोडूं नये. तो पसरत शटरच्या पातळ पात्यांवर जातो, आणि तीं एकमेकांस चिकटतात. जाणत्याकडून सफाई करून घेणें उत्तम. तें न जमल्यास ‘ऑटोक्निप्स’सारखें सुटें घड्याळ केबलच्या बटनास जोडून काम भागतें, तें अडलें तरी कॅमेऱ्यास इजा नाहीं.

यंत्र निरोगी असेल तर घडीच्या कॅमेऱ्यांत सामान्यतः आधीं शटर सज्ज करावें, मग टायमरची तरफ ओढावी. कॅमेरा तिवईवर पक्का असावा. भिंगाचें अंतर मात्र रिकाम्या जागेवर न लावतां तिच्या शेजारीं बसलेल्या माणसावर लावावें. आणि धांवूं नये; दहा सेकंद वाटतात त्याहून पुष्कळ असतात.

आमचा कॅमेरा दुरुस्त होऊन आला आहे. गेल्या रविवारीं बारांपैकीं अकरा चित्रें घेऊन झालीं. बाराव्यासाठीं तिवई लावून ठेविली आहे. परंतु आईच्या शेजारच्या खुर्चीवर मीं बसावें असें बहिणीचें म्हणणें, आणि ती तशीच राहूं द्या, असें आईचें.