न हरलेला, तरीही न बोलावलेला संघ

एखादा संघ वर्षभरात एकही सामना न हरता वर्षअखेर बंद पडला, असं सांगितलं तर आपला विश्वास बसणार नाही. पण १९५१ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं नेमकं हेच झालं.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो बहुतेक वेळ हातात घेऊन पळायचा, आणि समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला जमिनीवर आडवं करायचं. डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला जाड गाद्या. दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाला कॉलेजांमधून मोठी भरती आली. युद्धावरून परतलेले जवान सरकारी खर्चानं शिकू लागले होते. त्यामुळे अठरा वर्षांच्या पोरांबरोबर रणांगण पाहून आलेले गडीही मैदानात दिसत. या संघातला धिप्पाड जिनो मार्चेटी युरोपात लढून आलेला होता.

सॅन फ्रान्सिस्कोचं हे जेझुइट विद्यापीठ लहान आणि पैशानं बेताचं. प्रशिक्षक जो कुहारिच मात्र कमालीचे कडक. संघाचा हुकमी एक्का होता ऑली मॅटसन. त्या हंगामात तो चेंडू घेऊन १५६६ यार्ड पळाला. देशभरातल्या कॉलेज खेळाडूंमध्ये हा आकडा सर्वांत मोठा. बचावाच्या फळीत त्याचा मित्र बर्ल टोलर. मॅटसन टेक्ससचा, टोलर मेम्फिसचा. दोघेही दक्षिणेत जन्मलेले, आणि दोघेही कृष्णवर्णीय.

नऊ सामने झाले, नऊही जिंकले. आता प्रतीक्षा होती ‘बाउल’ सामन्याच्या निमंत्रणाची. वाडग्यासारख्या स्टेडियमवरून या सामन्यांना बाउल म्हणतात. ते नववर्षाच्या सुमारास होतात आणि निवडक संघांनाच त्यांचं बोलावणं येतं. मानाबरोबर पैसाही मिळतो. विद्यापीठाचा फुटबॉल विभाग तोट्यात होता. त्याला तगून राहायचं तर हा पैसा हवाच होता.

पण अनेक मोठे बाउल सामने दक्षिणेत होत, आणि तिथे वर्णभेद कायद्यानं चालत होता. तिकडून निरोप आला तो असा, की या दोघांना घरी ठेवून येत असाल तर विचार करू. कुहारिच यांनी ही गोष्ट खेळाडूंपुढे ठेवली. मत मोजायची वेळच आली नाही. दोघांशिवाय जायचं नाही, यावर सगळा संघ एक होता. बोलावणं आलं नाही आणि हंगाम संपल्यावर विद्यापीठानं फुटबॉल बंद केला.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की नकाराची किंमत त्यांनी खरोखर मोजली. फुकटची तत्त्वनिष्ठा आपल्याला पुष्कळ दिसते. इथे वीस-बावीस वर्षांच्या मुलांपुढे आयुष्यातला सर्वांत मोठा सामना होता, आणि तो सोडताना बाजूला टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून तीन वर्षं होती.

पुढे काय झालं? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसननं ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. मॅटसन, मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर हे संघातले तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण पीट रोझेल १९६० मध्ये व्यावसायिक लीगचा आयुक्त झाला.

टोलरचा गुडघा मात्र १९५२ मध्येच दुखावला आणि त्याचं खेळणं संपलं. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला. १९६५ मध्ये व्यावसायिक लीगनं त्याला सामना अधिकारी नेमलं. त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. ज्याला मैदानात येऊ नको म्हटलं होतं, त्याच्या शिट्टीवर पुढची पंचवीस वर्षं भले भले खेळाडू थांबत राहिले.

विद्यापीठानं २००६ मध्ये या संघाच्या हयात खेळाडूंना मानद पदव्या दिल्या. टोलर २००९ मध्ये गेला. २०१७ मध्ये विद्यापीठाच्या वसतिगृहाला त्याचं नाव देण्यात आलं. ऑरेंज बाउल, शुगर बाउल १९५२ च्या जानेवारीत कुणी जिंकले, हे आज अमेरिकेतही फारसं कुणाला आठवत नसेल. जो संघ तिथे गेलाच नाही, त्याची गोष्ट मात्र अजून सांगितली जाते.