जमते का, ते आधी सांगा



माझे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत गेले. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, रात्री पुस्तकांशी झगडून. असा माणूस संगणकावर काय बोलणार, ही आपली शंका रास्त आहे. पण या विषयात मला माझेच रोजचे काम दिसले, म्हणून उभा आहे.

हल्ली एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदवतात. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे नांदावीत तसे. त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कारभाऱ्याला हायपरव्हायझर म्हणतात. लिनक्समध्ये केव्हीएम नावाचा असा कारभारी २००७ साली आला. प्रत्यक्ष बिऱ्हाड मांडतो तो क्यूईएमयूसारखा वरचा प्रोग्राम. वाड्यात कोणत्या सोयी आहेत, हे त्याला आधी कळले पाहिजे. कसे कळावे?

आवृत्तीचा क्रमांक विचारणे सोपे, पण फसवे. जुन्या आवृत्तीत कोणी मागाहून नवी सोय बसवतो आणि क्रमांक जुनाच राहतो. म्हणून केव्हीएमने आपला क्रमांक लवकरच १२ वर कायम केला आणि एकेक सोय वेगळी विचारण्याची रीत घातली. ‘अमुक जमते का?’ उत्तर शून्य आले तर नाही. एक आले तर होय. काही प्रश्नांना मोठा आकडा येतो, तो किती जमते ते सांगतो. खुबी अशी की ज्या सोयीचे नावही या कारभाऱ्याने ऐकलेले नाही, तिलाही तो शून्यच म्हणतो. त्यामुळे नवा प्रोग्राम जुन्या कारभाऱ्याकडेही अडून बसत नाही. शक्य तेथे त्या सोयीवाचून काम चालवतो.

न विचारता पुढे गेले तर? आपली शकुंतला आठवा. यवतमाळहून निघालेली ती अरुंद रुळांची गाडी मूर्तिजापूरला थांबे. पुढचे रूळ रुंद. माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. चालता संगणक एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतानाही हीच अडचण. पहिल्यापाशी असलेली सोय दुसऱ्यापाशी नसेल, तर आतले काम मधेच कोसळू शकते. म्हणून दोघांपाशी जेवढे समान, तेवढेच पहिल्यापासून द्यावे लागते. मूर्तिजापूरला निदान हमाल तरी होते!

एका कामगार बाईचा अर्ज आम्ही एका कचेरीत चार वेळा भरला. पडद्यावर दर वेळी एवढेच: ‘अर्ज स्वीकारता येत नाही.’ शेवटी कळले, ती सोय तेथे मुळी सुरूच नव्हती. पहिल्याच दिवशी कोणी ‘नाही’ म्हटले असते तर तिची तीन दिवसांची मजुरी वाचली असती.

आणि ‘होय’ म्हटले की ते पाळले पाहिजे. वरच्या प्रोग्रामचे चालते काम कर्नलने मोडू नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडकच आहे. मालकांशी वाटाघाटीला बसलो की मी तरी दुसरे काय मागतो? जमेल ते कबूल करा, कबूल केलेले पाळा, जमणार नाही ते आधी सांगा. यंत्राकडून एवढी अपेक्षा ठेवता येते, तर कचेरीकडून आणि मालकाकडून ती का ठेवू नये?