ओवीतली सीता

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे. पण मी सातवी शिकलेली बाई, व्याख्यान देणे मला जमायचे नाही. जे ऐकले आणि जे माझ्या हातून घडले तेवढे सांगते. चुकले तर पदरात घ्या.

माझी मुलगी नांदेडला कॉलेजात शिकते. सुटीत घरी आली की मोबाइलवर तासन् तास वाचीत बसते. काय वाचतेस म्हणून विचारले, तेव्हा कळले की हॅरी पॉटर नावाची एक इंग्रजी गोष्ट आहे. तिचे सात भाग लिहून लेखिकेने २००७ साली ती संपविली. पण वाचणाऱ्यांनी ती संपू दिली नाही. त्यातलीच माणसे घेऊन जगभरची मुलेमुली आपल्या मनाने पुढचे लिहितात. मूळ पुस्तकात जिला दोन ओळी मिळाल्या, तिला हे लोक वीस पाने देतात. याला फॅनफिक्शन म्हणतात म्हणे. मुलगी म्हणाली, "आई, हे तुमच्या वेळी नव्हते." मी म्हटले, "बाई गं, हे तर तुझी मावशीआजी जात्यावर बसून करीत होती."

ही माझी मावशी, आईची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांनी नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडली, ती पुन्हा नेलीच नाही. त्या वेळी ती दोन जिवांची होती. आमच्या गावात पिठाची गिरणी आलेली होती. परंतु डाळी घरीच भरडीत, आणि लग्नाची हळद दळायची ती जात्यावरच. मावशी पहाटे जात्याशी बसली की सीतेच्या ओव्या म्हणे. दुसरे कोणी देव तिला फारसे लागत नसत.

त्या ओव्यांतली सीता आपल्या पोथीतल्यापेक्षा निराळी होती. कैकेयी सुनेला म्हणते, रावण कसा होता तो भिंतीवर काढून दाखव. सीतेने परपुरुषाकडे वर मान करून कधी पाहिलेलेच नाही. तिने पाहिला तो फक्त त्याच्या पायाचा अंगठा. तेवढाच ती काढते. कैकेयी मागून सगळा रावण पुरा करते आणि रामाला बोलावून दाखविते. झाले, सीतेचा वनवास तिथून सुरू. पुढे रानात तिची समजूत घालायला कोणी बाईमाणूस नाही, म्हणून बोरी आणि बाभळीच बाया होऊन तिच्याजवळ बसतात. बाळंतपणाची तर किती वर्णने! सुईण नाही, शेक नाही, डिंकाचा लाडू कोण देणार? ज्या बाईने हे सोसले आहे तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला हे सुचेल, असे मला वाटत नाही.

वाल्मीकींच्या रामायणात चित्राची ही हकीकत नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते, शाळेत रामायणाच्या गोष्टींचे पुस्तक वाचलेले, त्याचा ताठा होता. एकदा चार बायांदेखत मी म्हटले, "मावशे, हे पुस्तकात नाही. तू खोटंच म्हणतीस." मावशी एवढेच म्हणाली, "असंल माय, मला कुठं वाचता येतं?" त्यानंतर मी जवळ असले की ती मुक्यानेच दळायची. माझे स्वतःचे पहिले बाळंतपण झाले, तेव्हा मला ते शब्द आठवले आणि लाज वाटली. परंतु तोपर्यंत तिचा आवाज गेला होता.

आता कळते की मावशी एकटी नव्हती. बंगालात चंद्रावती नावाच्या कवयित्रीने फार पूर्वी सीतेच्या बाजूने रामायण रचले. त्यात कैकेयीची लेक कुकुया सीतेकडून पंख्यावर रावण काढून घेते. कुठे बंगाल, कुठे आपला गोदाकाठ! आणि पोथीवाल्यांनीही तेच केले आहे की. पैठणचे नाथ १५९९ साली गेले, तेव्हा भावार्थ रामायण युद्धकांडातच राहिले होते. पुढचे त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले. या गावबाला पुरणपोळीची भारी आवड, आणि मंत्र म्हणून "एकनाथ" याखेरीज त्याच्या तोंडून काही निघत नसे असे सांगतात. त्याने गुरूची गोष्ट पुढे नेली तर ते पुण्य, आणि मावशीने नेली तर खोटे, हे कसे?

आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागला, एवढे धरून आपल्या आजीपणजींनी केवढा संसार मांडला! विठ्ठल जनीच्या गोवऱ्या उचलतो, तिची वेणी घालतो, मग रुक्मिणी रुसते, आणि दोघींच्या मध्ये देवाची पुरती त्रेधा उडते. हे ऐकताना आम्ही पोरी पोट धरून हसायचो.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी गाव आहे. तिथे एकट्या सीतेचे देऊळ आहे. लव-कुशांच्या वेळी सीता तिथे होती, तिने गावात पसाभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, म्हणून या शिवारात गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी तिथली कथा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. टाकलेल्या बाईचे देऊळ म्हणून त्यांना त्याचे मोल वाटले.

ओव्या लिहून ठेवण्याचे काम मोठ्या लोकांनी केले आहे. साने गुरुजींचे "स्त्रीजीवन" आहे, सरोजिनीबाई बाबरांनी लोकसाहित्याची किती तरी पुस्तके सिद्ध केली. पुण्याच्या हेमाताई राईरकर आणि गी प्वातवँ यांनी तर गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आता मोबाइलवर ऐकताही येतात. मी ऐकते. दर वेळी वाटते, आता मावशीची लागेल. अजून लागली नाही.

मावशीच्या शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी वही घेऊन बसले. "मावशे, सांग गं, मी लिहून घेते." तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पुस्तकात नसलं तरी चालंल?" मी मान हलवली, बोलवले नाही. चार दिवसांत अकरा ओव्या मिळाल्या.

अकरावी अर्धी आहे. बारा वर्षांनी राम न्यायला येतो. सीता उठत नाही, रडत नाही. बसल्या जागेवरून त्याला विचारते की माझ्या लेकरांच्या अंगात पहिले अंगडे कुणी घातले? ही झाली पहिली ओळ. दुसरीत रामाचा जबाब आहे. मावशीने ती म्हटली, पण धाप लागली होती, मला नीट ऐकू आली नाही. मी पुन्हा विचारले तेव्हा तिचा डोळा लागला होता.

वही मी आज आणली आहे. आपल्यापैकी वसमत-पालमकडच्या माहेरवाशिणी पुष्कळ आहेत, मावशीचे सासर तिकडचेच. रामाने काय सांगितले हे कुणाला ठाऊक असेल, तर चहा होईपर्यंत मला गाठावे. मी मागे, सतरंजीच्या टोकाशी बसले आहे.