रिकाम्या मैदानातली लीग: मुंबई सिटीचा २०२०-२१ चा सीझन

चंद्रपुरातून बोलतोय. पंखा पाचवर आहे, मागं घरघर ऐकू आली तर समजून घ्या. पंखा बंद करून इथं रेकॉर्डिंग होत नाही.

मागच्या भागात आपण इटलीच्या लीगचा १९९९-२००० चा सीझन बघितला. शेवटच्या दिवशी युव्हेंटस दोन गुणांनी पुढे. पेरुजियात धो धो पाऊस, मॅच तासाभराहून जास्त थांबली, मग सुरू झाली आणि युव्हेंटस १-० हरली. तिकडे रोममध्ये लाझिओनं आपली मॅच जिंकली होती. ७२ विरुद्ध ७१, लाझिओ चॅम्पियन. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की दादा, आपल्याकडे असं कधी झालं का?

झालं ना. आणि मी ते याच खोलीत बसून बघितलं.

सीझन २०२०-२१, इंडियन सुपर लीग. कोरोनाचं वर्ष. मी बी.टेक. करून पुण्यात नोकरीला लागलो होतो, आणि लॉकडाऊनमध्ये बॅग उचलून घरी आलो होतो. दिवसभर लॅपटॉप, रात्री मॅच. सगळी लीग गोव्यात ठेवली होती: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. खेळाडू बायो-बबलमध्ये, प्रेक्षक शून्य. मोहन बागान एटीकेसोबत एकत्र होऊन आली, ईस्ट बंगाल नव्यानं आली, म्हणून टीम झाल्या ११. प्रत्येकीच्या २० मॅच.

मी मुंबई सिटीचा. कारण सरळ आहे, महाराष्ट्राची टीम. माझा मामेभाऊ सिरोंचाकडचा, तो हैदराबादचा. त्याचं म्हणणं, "दादा, मुंबई मी टीव्हीत बघितली. हैदराबादला मी दवाखान्यात जाऊन आलो." आता नकाशा काढून बघा, पोरगा खोटं बोलत नव्हता. चंद्रपूरपासूनसुद्धा मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ आहे.

त्याच्याकडे नेट चालायचं नाही. फोन मात्र लागायचा, तोसुद्धा अंगणाच्या एका कोपऱ्यात. म्हणून मी इकडे मोबाइलवर मॅच लावायचो आणि दुसऱ्या फोनवरून त्याला सांगत बसायचो. "आता बॉल डावीकडे गेला, आता क्रॉस आला, अरे गेला बाहेर!" हा पॉडकास्ट सुरू झाला तो तिथून. माझा पहिला श्रोता एकच होता, आणि तो दुसऱ्या टीमचा होता.

आता सीझनकडे येऊ. मुंबईनं कोच आणला सर्जिओ लोबेरा. हा आधी एफसी गोव्याचा कोच. येताना तिथले खेळाडूही आले: अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, मुर्तादा फॉल आणि गोव्याचा आपला मंदार राव देसाई. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांनी, क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पैसा होता, पण सुरुवात कशी झाली? २१ नोव्हेंबरला पहिलीच मॅच, नॉर्थईस्ट युनायटेडसोबत. जाहूला रेड कार्ड, आणि पेनल्टीवर ०-१ हार. भाऊ फोनवर इतका हसला, की मी फोन ठेवून दिला.

त्यानंतर मात्र मुंबई लागोपाठ १२ मॅच हरली नाही. ११ जानेवारीला एटीके मोहन बागानला १-० हरवलं, गोल ओगबेचेचा. ही मॅच लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे. ही घोडदौड थांबवली पुन्हा नॉर्थईस्टनंच, ३० जानेवारीला. तेव्हा त्यांचा कोच होता खालिद जमील, आपल्या मुंबईचाच माणूस. आयझॉलला आय-लीग जिंकून देणारा तोच.

मग फेब्रुवारीत गाडी रुळावरून उतरली. १५ तारखेला बंगळुरूकडून २-४, २० तारखेला जमशेदपूरकडून ०-२. दोन मॅच उरल्या होत्या, आणि पहिला नंबर गेला होता मोहन बागानकडे. २४ तारखेला ओडिशाला ६-१ धुतलं, बिपिन सिंगची हॅटट्रिक. आता शेवटचा दिवस: २८ फेब्रुवारी, रविवार. मोहन बागान ४०, मुंबई ३७, आणि मॅच एकमेकांशीच. बागानला ड्रॉ पुरेसा होता.

त्याच दिवशी हैदराबादचीही शेवटची मॅच होती, गोव्यासोबत. जिंकले तर प्लेऑफ. संपली ०-०. हैदराबाद २९ गुणांवर पाचवी, बाहेर. शेवटची पाच मिनिटं मी त्याला सांगत होतो आणि तिकडून काहीच आवाज येत नव्हता. मला वाटलं लाइन कटली. म्हटलं, "आहेस ना बे?" तो म्हणाला, "आहो दादा. आता तुमची मॅच सांग."

मुंबई २-० जिंकली. ७व्या मिनिटाला फॉलचं हेडर, मग ३९व्या मिनिटाला ओगबेचे. दोन्ही टीम ४० वर. आता पहिली कोण? नियम असा, की आधी आपसातल्या मॅच बघायच्या. आपण कोडमध्ये सॉर्टिंग करतो ना, पहिली की सारखी निघाली तर दुसरी की? तसंच. आपसातल्या दोन्ही मॅच मुंबईच्या. जानेवारीतला तो एक गोल आता कामाला आला. लीग शील्ड मुंबईची, आणि सोबत एएफसी चॅम्पियन्स लीगचं तिकीट.

इटलीत असता तर सीझन इथंच संपला असता. तिथं तेव्हा लीगनंतर फायनल नव्हती, जो वर तो चॅम्पियन. आपल्याकडे पुन्हा प्लेऑफ. सेमीफायनलला गोव्यासोबत २-२, मग ०-०, मग पेनल्टी. लोबेरानं शूटआऊटच्या तोंडावर कॅप्टन अमरिंदरला काढून फुर्बा लाचेन्पाला गोलकीपर म्हणून आणलं. ६-५ नं निघाले.

१३ मार्च, फातोर्डा, फायनल. समोर पुन्हा बागान. डेव्हिड विल्यम्सनं बागानला पुढे नेलं, मग टिरीच्या सेल्फ गोलनं १-१. पहिल्या हाफच्या शेवटी अमेय रानवडे पडला. मुंबईचा मराठी पोरगा, राइट-बॅक, त्या सीझनमध्येच नाव झालं होतं. टक्कर डोक्याची होती. तो उठेचना. मैदानात ॲम्ब्युलन्स आली. आईनं किचनमधून येऊन स्क्रीन बघितली. "अरे बाप्पा, पोरगं उठत काहून नाही? त्याची माय बघत असन ना रे!" स्टेडियम रिकामं, त्यामुळे खेळाडूंच्या हाका स्पष्ट ऐकू येत होत्या. मी फोनवर काहीच बोललो नाही. अमेय नंतर बरा झाला, पुन्हा खेळला, पण त्या दहा मिनिटांत मॅच डोक्यातून गेली होती.

९०व्या मिनिटाला बागानच्या गोलकीपरची चूक झाली, ओगबेचेनं बॉल बिपिनला दिला, गोल. २-१. शील्ड आणि ट्रॉफी एकाच सीझनमध्ये घेणारी पहिली टीम. मी खोलीत एकटाच नाचलो.

आता जे सांगायला हा भाग केला, ते. त्याच वर्षी माझ्या भावाची नागपूरला ट्रायल होती. १८ वर्षांचा होता, विंगर, पायात जबरदस्त वेग. लॉकडाऊन लागला, ट्रायल पुढं ढकलली, मग पुन्हा कोणी बोलावलंच नाही. मैदान उघडेपर्यंत त्याचं वय त्या गटातून निघून गेलं होतं. मी घरात बसून २० मॅचचा हिशेब मांडत होतो, आणि ज्याला मी मॅच सांगत होतो त्याचं स्वतःचं खेळणं संपत होतं. त्यानं एकदाही विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. ते मला आज टोचतं.

आमचा वाद मात्र चालायचा. मी म्हणायचो, शील्डच खरी, २० मॅचची मेहनत आहे. फायनल म्हणजे एका दिवसाचा जुगार. तो म्हणायचा, "तुले जमते दादा. तुमच्या ऑफिसात एक दिवस काम बिघडलं तर दुसऱ्या दिवशी करता. आम्हाले एकच दिवस भेटते." तेव्हा तो पोलीस भरतीची तयारी करत होता. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. एक सकाळ, एक घड्याळ. पहिल्या खेपेला थोडक्यात राहिला. दुसऱ्या खेपेला लागला. फुटबॉलसाठी कमावलेला दम तिथं कामी आला.

२० मार्च २०२२ ला फातोर्डातच हैदराबादनं केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून ट्रॉफी घेतली. त्या वर्षी शील्ड जमशेदपूरकडे होती. भावाचा मेसेज आला, फक्त एक ओळ: "आता सांग, खरी कोणती?"

मी अजून उत्तर दिलं नाही. तुमचं मत काय ते कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. आणि तुमच्या गावात कोणी पोरगं खेळत असेल, तर त्याला मॅच सांगण्याआधी एकदा विचारा, की बाबू, तुझं कसं चाललंय.

चला, येतो. काळजी घ्या, उन्हाचं पाणी प्या.