वाघाच्या मावशीचे यकृत



केळापूरच्या जगदंबेच्या या परिसरात आम्ही वाघावर बोलावयास उभे राहिलो असतो, तर कोणी कारण विचारले नसते. टिपेश्वरचे अभयारण्य आपल्याच तालुक्यातले. आणि २०१८ साली अवनी वाघिणीपायी पांढरकवड्याचे नाव साऱ्या देशाच्या कानी गेले. परंतु आम्ही व्यवसायाने जनावरांचे डॉक्टर, आणि आज वाघावर नव्हे, वाघाच्या मावशीवर बोलणार आहोत. तेही तिच्या यकृतात होणाऱ्या गाठींविषयी, आणि सोनोग्राफीने त्या कशा ओळखाव्यात याविषयी. कपाशीच्या भावाची काळजी वाहणाऱ्या गावाला हा विषय चैनीचा वाटेल. ती शंका आम्ही मनात धरून आहोत. तिचे उत्तर शेवटी देऊ.

प्रथम यकृत. बरगड्यांच्या आड, पोटाच्या पुढच्या भागी हे इंद्रिय असते. ते पित्त तयार करते, अन्नातील सत्त्व साठविते, विषारी द्रव्ये निरुपद्रवी करते. त्याची राखीव शक्ती मोठी. म्हणून बराच भाग बिघडेपर्यंत ते तक्रार करीत नाही. आणि मांजर तर मुळातच दुखणे लपविणारे जनावर. कुत्रे कण्हते, गाय चारा सोडते, मांजर कोठीच्या कोपऱ्यात जाऊन बसते. भूक मंदावली, वजन उतरले, वारंवार ओकारी झाली, एवढीच काय ती लक्षणे. पण हीच लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारातही दिसतात. तेव्हा बाहेरून पाहून निदान होत नाही. आत डोकावावे लागते.

आत डोकावण्याचे साधन म्हणजे श्राव्यातीत ध्वनी. विहिरीच्या काठावर उभे राहून हाक मारली, की ती खालून परत येते. विहीर खोल असेल तर उशिरा येते. हेच सोनोग्राफीचे मर्म. माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. मांजराला त्याच्या तिपटीहून अधिक. मांजर तपासताना यंत्र वापरते तो ध्वनी मात्र सुमारे ७५ लाख ते १ कोटी कंपनांचा, किंवा त्याहूनही वरचा. तो मांजरालाही ऐकू येत नाही. शरीरात तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धावतो. पाच सेंटिमीटर खोल जाऊन परत यावयास त्याला सेकंदाचा १५ हजारावा भागही पुरेसा होतो! यंत्र तेवढा वेळ मोजते आणि परतलेल्या प्रत्येक हाकेचा एक ठिपका पडद्यावर मांडते.

या विद्येचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८८० साली क्यूरी बंधूंनी दाखवून दिले की, काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच गुणाचा उपयोग पाणबुड्या शोधण्याकडे केला. पुढे कारखान्यांत धातूतील चिरा शोधण्याची यंत्रे निघाली. तसले यंत्र ग्लासगोच्या इयन डोनाल्ड या डॉक्टरने माणसाच्या पोटाकडे वळविले, आणि १९५८ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापनाही त्याच वर्षीची. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटली की गर्भलिंगनिदान होत नसल्याची दवाखान्यातील पाटी आठवते. परंतु या यंत्राचे काम त्याहून पुष्कळ व्यापक आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. मांजराला काही तास उपाशी ठेवतात, पोटावरचे केस काढतात आणि चिकट मलम लावतात. कारण केसांत अडकलेली हवा ध्वनीला पुढे जाऊ देत नाही. पडद्यावर पाणी काळे दिसते, घट्ट मांस करडे, हाड पांढरे. निरोगी यकृत एकसारखे करडे असते. पित्ताशय काळ्या थेंबासारखे. यकृतात चरबी साचली तर ते सगळेच पांढुरके होते. लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले की हा विकार जडतो. तो गाठीचा नव्हे. म्हणून मांजर एक-दोन दिवस जेवले नाही, तर 'खाईल उद्या' म्हणू नका.

गाठ असेल तर ती वेगळी उठून दिसते. परंतु दिसली म्हणजे कळली, असे नाही. मांजराच्या यकृतात मूळ धरणाऱ्या गाठींपैकी निम्म्याहून अधिक सौम्य असतात. म्हाताऱ्या मांजरांत पित्तनलिकेची पाण्याने भरलेली, अनेक कप्प्यांची गाठ होते. ती वर्षानुवर्षे उपद्रव न करता राहू शकते. घातक गाठींत पित्तनलिकेचाच कर्करोग मुख्य. याखेरीज रक्तपेशींचा लिंफोमा नावाचा कर्करोग यकृतात पसरतो आणि कधी कधी चित्रात त्याचा मागमूसही नसतो.

आमच्या अनुभवातील दोन मांजरे सांगतो. पहिले तेरा वर्षांचे. एका शहरात त्याची सोनोग्राफी झाली, लिंबाएवढी गाठ दिसली, आणि 'कॅन्सर आहे, सुई देऊन टाका' असा सल्ला मिळाला. घरातली म्हातारी आई म्हणाली, "आणखी एकदा दाखवा." आम्ही पाहिले तो गाठीत काळे कप्पेच कप्पे. सुईने पाणी काढून तपासले. घातक पेशी आढळल्या नाहीत. काही महिन्यांनी पाणी पुन्हा भरले, तेव्हा शस्त्रक्रिया केली. ते मांजर पुढे दोन वर्षे त्या माजघरात नांदले.

दुसरे एका निवृत्त गुरुजींचे. पत्नीच्या पश्चात घरात तेवढेच सोबतीला. यकृत थोडे मोठे वाटले, पण चित्र स्वच्छ. "काही नाही, गुरुजी," असे आम्ही सांगितले आणि त्यांना हसतमुखाने घरी धाडले. तीन आठवड्यांनी ते मांजर टोपलीत घालून परत आले, निम्मे झालेले. त्या वेळी सुई घातली, लिंफोमा निघाला. औषध लागू पडण्याची वेळ टळून गेली होती. गुरुजी एवढेच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही 'काही नाही' म्हणालात, 'काही दिसत नाही' म्हणावयास हवे होते." व्याकरण शिकविणाऱ्या माणसाने आमचे वाक्य दुरुस्त केले. ते आम्ही आजवर विसरलो नाही.

म्हणून सोनोग्राफीचे काम कोणते, ते नीट समजून घ्यावे. गाठ आहे काय, एक आहे की अनेक, कोणत्या खंडात आहे, भरीव की पाणथळ, शस्त्रक्रियेने निघेल काय, हे ती सांगते. आणि सुई नेमकी कोठे घालावी हे दाखविते. गाठ कोणत्या जातीची, याचा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. सुईने काढलेल्या पेशीही कधी फसवितात. मग मांसाचा लहानसा तुकडाच काढावा लागतो. त्यापूर्वी रक्त नीट गोठते की नाही हे पाहणे आवश्यक. कारण गोठविणारी द्रव्ये पुष्कळशी यकृतच तयार करते. आणि एक विनंती : मांजराला आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. ती त्याच्या शरीराला पचत नाही. एका गोळीनेही त्याचा जीव जातो.

आता त्या शंकेचे उत्तर. माणसाच्या डॉक्टरजवळ नाही असे एक औषध आमच्याजवळ आहे, ते म्हणजे मरण. असाध्य वेदनेत ते दयेचे असते, आणि आम्ही ते दिले आहे. परंतु एका करड्या डागावरून ते दिले, तर ती दया नव्हे, घाई होय. रोगी बोलत नाही, आणि निकाल देणारे आपण. म्हणून 'दिसले' आणि 'कळले' यांतील अंतर ओळखणे, हीच आमच्या धंद्याची नीती. कोठीतले धान्य उंदरांपासून राखणारे हे जनावर आपल्यापाशी एवढा न्याय मागण्याइतके तरी आपले आहे. प्रत्येकाने मांजर घेऊन नागपूर गाठावे, असे आम्ही म्हणत नाही. पैशाची ओढ आम्हांस ठाऊक आहे. पण ज्याला जाणे शक्य आहे, त्याने चित्र पाहून निकाल मागू नये. पुढची तपासणी विचारावी. आणि ज्याला शक्य नाही, त्याने निदान डॉक्टरला एवढे विचारावे : "हे आपणास दिसले, की कळले?"