मतदारयादीतील आपले नाव

निवडणूक जवळ आली की बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात उमेदवारांची चर्चा चावडीपासून बसथांब्यापर्यंत रंगते. मतदारयादीत आपले नाव आहे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. छायाचित्र असलेले ओळखपत्र पेटीत जपून ठेवलेले असते आणि तेवढ्यावर मनुष्य निश्चिंत राहतो. वस्तुतः मतदानाचा अधिकार यादीतील नावाने मिळतो. यादीत नाव असून ओळखपत्र हरवले असेल, तर निवडणूक आयोगाने मान्य केलेला दुसरा पुरावा दाखवून मत देता येते. परंतु ओळखपत्र हाती आहे आणि यादीत नाव नाही, अशा मतदारासाठी मतदान केंद्रावरील अधिकारी काहीही करू शकत नाही.

श्रोतेहो, या निश्चिंतपणाची किंमत किती पडू शकली असती, हे आळंद विधानसभा मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीपूर्वी दिसून आले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. असा अर्ज सात क्रमांकाच्या नमुन्यात करावयाचा असतो, आणि मतदारसंघातील कोणाही मतदाराला दुसऱ्याच्या नावाविषयी तो करता येतो. मृत व स्थलांतरित व्यक्तींची नावे यादीत राहू नयेत म्हणून ही तरतूद आहे. हेतू चांगला आहे. पण तेथील एका बी.एल.ओ.ला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, आपल्याच नातलगाचे नाव काढण्याविषयीचा अर्ज आढळला. तो ज्या शेजाऱ्याच्या नावे होता, त्याने असा अर्ज केलाच नव्हता. पडताळणी झाली तेव्हा ६,०१८ पैकी अवघे २४ अर्ज खरे ठरले. उरलेले ५,९९४ चुकीचे निघाले व फेटाळण्यात आले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलिसांत गुन्हा नोंदविण्यात आला, तपास सी.आय.डी.कडे गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने त्यासाठी विशेष तपास पथक नेमले. याच मतदारसंघात २०१८ च्या निवडणुकीचा निकाल ६९७ मतांच्या फरकाने लागला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आळंदला नावे वाचली, कारण चौकशी करणारे जागे होते आणि उत्तर देणारी माणसे सापडली. सीमाभागात ही दुसरी गोष्ट नेहमीच गृहीत धरता येत नाही. दिवाळीनंतर या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, काही पुणे, मुंबई, हैदराबादेस बांधकामावर जातात. दाराला कुलूप असते. नाव वगळण्यापूर्वी संबंधित मतदाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. पण नोटीस घेण्यास घरी कोणी नसेल तर त्या संधीचा उपयोग काय? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणाचाही रहिवास संपत नाही. गावी मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक असावे, म्हणजे बी.एल.ओ.ला ‘ते गेले’ एवढेच उत्तर न मिळता ‘चैत्रात परत येतील’ असे मिळेल.

स्त्रियांच्या नोंदीचा गुंता याहून जुना आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या निर्णयानुसार त्यांची नावे यादीबाहेर राहिली. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या. आता नाव सांगण्याचा संकोच उरलेला नाही. अडचण आहे ती विवाहानंतर बदलणाऱ्या नावाची व पत्त्याची. भालकीची लेक उदगीरला, निलंग्याची बसवकल्याणला, हा व्यवहार १९५६ मध्ये जुना बिदर जिल्हा वेगवेगळ्या राज्यांत विभागला गेला तरी थांबला नाही. मग माहेरी एका नावाने नोंद राहते आणि सासरी दुसऱ्या नावाने दुसरी होते; किंवा माहेरची निघते आणि सासरची होतच नाही. एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असणे कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैदेची किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते. यास्तव सासरी गेलेल्या मुलीने नव्या मतदाराचा सहा क्रमांकाचा नमुना न भरता आठ क्रमांकाचा भरावा. राज्य बदलले तरी नमुना हाच. हद्दीपलीकडे शेत किंवा घर आहे, एवढ्यावरून तेथील मतदार होता येत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

कर्नाटकातील यादी कन्नडमध्ये छापली जाते. मराठी नाव कन्नड लिपीत आणि पुढे इंग्रजीत जाताना एखादे अक्षर बदलते, आणि मोबाइलवर नाव लिहून शोधणाऱ्यास नोंद सापडत नाही. घाबरून जाऊन पुन्हा नवा अर्ज करू नये. ओळखपत्रावरील क्रमांकाने शोध घ्यावा, किंवा १९५० या दूरध्वनी क्रमांकावर विचारावे. छापील यादी बी.एल.ओ.कडे पाहावयास मिळते. कन्नड वाचता येत नसेल तर नातवंडाला सोबत न्यावे. मराठी शाळेतील मुलेही कन्नड शिकतात. आपल्या नावाबरोबर घरातील सर्वांची नावे, वय, वडिलांचे वा पतीचे नाव आणि घर क्रमांक तपासावा. घरातील मयत व्यक्तीचे नाव राहिले असेल तर ते वगळण्याचा अर्ज कुटुंबीयांनीच द्यावा.

हे सारे निवडणूक जाहीर होण्याआधी करावयाचे आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही व काढताही येत नाही. त्यापूर्वी आलेल्या अर्जावरही हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यातील धावपळ व्यर्थ जाते. नाव वगळण्याचा आदेश झालाच असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. त्यावर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तेथेही समाधान न झाल्यास तीस दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.